दाराआडची आई

लहान पोरीच्या तापाची गोष्ट म्हणल्यावर तुम्ही रुमाल काढून बसला असाल. उशाशी रात्रभर जागणारा मामा, कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या, देवापुढं समई, बाहेर विजा. तर रुमाल आत ठेवा. रात्री मी घोरत होतो, बाहेर बेंगळुरूच्या बसवनगुडीची नेहमीची हवा होती, आणि जिला ताप आला होता ती आत्ता मी हे लिहीत असताना माझी डावी चप्पल बाल्कनीच्या गजांतून खाली घालवायच्या नादात आहे. उजवी मघाशीच गेली. म्हणजे शेवट कळला तुम्हाला. भाची ठणठणीत होते आणि बोलणी मी खातो. ती का खातो, एवढंच सांगायचंय.

मी नकला करतो. नोकरी वेगळी आहे. एका कंपनीच्या ॲपमधल्या चुका घरी बसून शोधायच्या, असं काम आहे. पण माणूस काय कामाचा असं कुणी विचारलं तर नकलेच्या. बार्शीला शाळेत असताना मी हेडसरांच्या आवाजात शिपायाला घंटा द्यायला सांगितली होती, सुट्टीच्या वीस मिनिटं आधी. सगळी शाळा घरी गेली, हेडसर तेवढे राहिले. बेंगळुरूला ताईकडं राहायला आल्यावर माझा साठा वाढला. मेट्रोतली बाई, सिलिंडर आणणारा अण्णा, भाजीच्या गाडीवरचा भोंगा, वरच्या मजल्यावरचं कुत्रं. कन्नड मला अजून धड येत नाही, पण आवाज काढला की रिक्षावाले फसतात, आणि मग पुढचं वाक्य येत नाही म्हणून मी फसतो.

ताईचा आवाज मात्र मला सगळ्यात चांगला येतो, आणि त्याला तीच जबाबदार. ती अकरावीत होती तेव्हा मैत्रिणींबरोबर पिक्चरला गेली आणि मला तिच्या खोलीत बसवून गेली. वडील बाहेरून हाक मारायचे, मी आतून तिच्या आवाजात "अभ्यास करतेय" म्हणायचो. एका आइस्क्रीमवर सौदा होता. पुढं तिचा साखरपुडा झाल्यावर दाजींचा फोन आला, तर मी दहा मिनिटं ताई म्हणून बोललो. दाजी काय काय म्हणाले ते इथं सांगत नाही, ते अजून माझ्याशी नीट नजर मिळवत नाहीत. त्या दिवशी ताईनं नियम केला. घरात कुणाचीही नक्कल कर, माझी करायची नाही.

तर ताप. शुक्रवारी संध्याकाळी आला. पोरगी तीन वर्षांची, तेरा किलोची, आणि एरवी इतकी नाचरी की तिचा पाय जमिनीवर दिसला तर आम्ही कपाळाला हात लावून बघतो. शनिवारी डॉक्टरबाईंनी तपासलं. घसा बरा, कान बरे, छाती बरी. व्हायरल असेल, म्हणाल्या, सोमवारपर्यंत बघू, मंगळवारी सकाळी ताप असला तर घेऊन या.

पण सोमवारी ताईला जायचं होतं. ती सरकारी प्रयोगशाळेत इंजिनियर आहे. चित्रदुर्गाच्या पुढं कुठल्याशा माळावर त्यांच्या यंत्राची चाचणी होती, तीन दिवस. तिथं गेटवरच फोन काढून घेतात, संध्याकाळी सातला परत देतात. दाजी कामासाठी सिंगापूरला.

"मी कळवते, येत नाही म्हणून," ताई म्हणाली.

"वर्षभर त्या डबड्यासाठी राबलीस आणि आता जाणार नाहीस? मी आहे की."

"तू आहेस म्हणूनच काळजी आहे. सांग बरं, काय काय करायचं?"

मी धडाधडा म्हणून दाखवलं. तापाचं सिरप चार मिली, सहा तासांच्या आत परत द्यायचं नाही, दिवसात चारदाच्या वर नाही, गार पाण्यानं पुसायचं नाही, अंगावर ढीगभर कपडे घालायचे नाहीत, पाणी पाजत राहायचं. सगळं बरोबर होतं. फक्त म्हणताना ते तिच्याच आवाजात आलं. तिनं ओला टॉवेल फेकून मारला.

"एवढं एक कर माझ्यासाठी," ती म्हणाली. "मी येईन तेव्हा पोरगी घरात असू दे. दवाखान्यात नको."

"घरातच असेल," मी म्हणलं. ताई तक्ते करणारी बाई आहे. जाताना फ्रिजवर एक कागद लावून गेली. वेळ, ताप, औषध, पाणी, शू, शेरा.

सोमवार आमचा झकास गेला. थर्मामीटर लावताना मी मेट्रोतली बाई झालो. "मुंदिन निल्दाण, काख," म्हणजे पुढचं स्टेशन काख, आणि दरवाजे डावीकडं उघडतील. आमच्या तीन वर्षांच्या मॅडमनी डावा हात वर केला. एकशे दोन पॉइंट सहा. सिरप सिलिंडरवाल्या अण्णानं दिलं, दोन मजले चढून धापा टाकत. पाऊण तासानं ताप उतरला की ती सोफ्यावरून उड्या मारायची, पाच तासांनी परत चढला की माझ्या मांडीवर येऊन पडायची. तक्त्यात मी सगळं इमानदारीत भरत होतो, शेऱ्याच्या रकान्यात जरा हात मोकळा सोडत होतो. "तोंडावर फवारा. माझ्या." "खिचडी तीन घास, चौथा कुत्र्याच्या फोटोला."

दुपारी खालच्या अक्का आल्या. अक्का म्हणजे घरमालकीण. त्यांच्या घराण्याच्या किती पिढ्या इथं झाल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. मराठी बोलतात, पण त्यात कन्नड असं मुरलेलं की वेगळं काढता येत नाही. येताना त्यांनी लोकरीची माकडटोपी आणली होती.

"मरी, पोरीला वारा लागतोय की. स्वल्प टोपी घाल." मरी म्हणजे पिल्लू. अक्का मला पण मरीच म्हणतात.

"अक्का, डॉक्टर म्हणाल्यात गुंडाळायचं नाही, ताप वाढतो त्यानं."

"तुझी डॉक्टर कालची पोर. मी चार पोरं काढली."

मी डॉक्टरबाईंचा आवाज काढला. चष्मा नाकावर, मान तिरकी, "कवर माडबेडी, अम्मा, प्लीज," म्हणजे गुंडाळू नका. अक्का इतक्या हसल्या की खुर्चीत बसल्या. मग उठल्या आणि ती टोपी माझ्या डोक्यात घातली. "सरी, बरं. तिला नको तर तू घाल. तुझं डोकं गरम आहे." मी दिवसभर घालून फिरलो. पोरगी हसली म्हणून.

मंगळवारी सकाळी आठला एकशे तीन. चौथा दिवस. सिरप दिलं, तिला कडेवर घेतलं, तक्ता फ्रिजवरून काढला आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी परत सगळं तपासलं. परत सगळं बरं. मग त्या तक्ता वाचायला लागल्या. हिंदी येतं म्हणून लिपी वाचता येते त्यांना. एक बोट शेऱ्याच्या रकान्यावरून खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"हे 'कलाकार' काय आहे?"

मी वाकून बघितलं. सोमवार, दुपारी चार. शूच्या रकान्यात बरोबरची खूण, शेरा, "बसल्याबरोबर रडली. कलाकार आहे." त्याखाली संध्याकाळी परत, "परत तेच नाटक."

"मला वाटलं फरशी गार लागली असेल," मी म्हणलं.

त्यांनी बोट तिथंच ठेवलं. मोठे डॉक्टर असंच करतात, बोलत नाहीत, आणि आपण आपलं मोठ्यानं ऐकतो. सर्दी नाही, खोकला नाही, चार दिवस ताप, आणि शू करताना रडते. हे सगळं माझ्याच अक्षरात त्या कागदावर होतं आणि मी त्यावर विनोद लिहून ठेवला होता.

"युरीन तपासू," त्या म्हणाल्या आणि एक छोटी बाटली दिली.

तीन वर्षांच्या पोरीला सांगितलेल्या वेळी शू करायला लावणं आणि तीही बाटलीत, हे काम ज्यानं केलंय त्यानंच माझ्याशी बोलावं. नर्सनं पुसून वगैरे तिला तयार केलं, आणि मॅडम हाताची घडी घालून बसल्या. दवाखान्याचा नळ नेमका कोरडा. शेवटी मी नळ झालो. आधी खरखर, मग हवा, मग बारीक धार, बादलीत पडणारी. माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या कलेचा वैद्यकशास्त्राला झालेला हा एकमेव उपयोग. ती रडत रडत का होईना, झाली. नर्स म्हणाली, "सर, रोज याल का?" तेव्हा दहा वाजले होते. ही वेळ लक्षात ठेवा, मला पुढं ठेवावी लागली.

बाराच्या आत पहिला रिपोर्ट आला. लघवीच्या जागी इन्फेक्शन. कुठला जंतू ते कळायला दोन दिवस लागणार होते, पण औषध आत्ताच सुरू करायचं. पाण्यात कालवायची पावडर, दिवसातनं दोनदा, सात दिवस, एकही डोस चुकवायचा नाही.

"हे पोटात राहिलं पाहिजे," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणि पाणी भरपूर. औषध थुंकत राहिली, उलट्या केल्या, मरगळून पडली, किंवा आठ तास शू नाही झाली, तर ॲडमिट करायचं. मग सलाईनमधून देऊ."

मी मान हलवली. डोक्यात ताईचं एकच वाक्य. पोरगी घरात असू दे.

एक वाजता पहिला डोस. पावडरीवर संत्र्याचं चित्र होतं, चव मी बोटानं घेऊन बघितली, साखरेत बुडवलेला खडू. पहिला चमचा तिनं माझ्या शर्टावर परत केला. अण्णा सिलिंडर घेऊन आला, त्याला तिनं दारातनं हाकलला. मेट्रो आली, ती न थांबता गेली. कुत्रं भुंकलं. भोंग्यावर टोमॅटो ओरडून झाले. डॉक्टरबाईंचा आवाज काढला तेव्हा तर तिनं ओठ दातात दाबले. बार्शीच्या गॅदरिंगमध्ये शेवटच्या रांगेतल्या पोरांनी पण माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं.

"आई पाहिजे," ती म्हणाली.

"आई उद्या येणार."

"आई पाहिजे."

अक्का वर आल्या होत्या. तिला मांडीवर घेऊन बसल्या. अर्धा तास गेला. अंग तापलेलं, ओठ मिटलेले, आणि माझ्या डोळ्यांसमोर तिच्या हाताला लावलेली सुई. मी अक्कांच्या हातात औषधाचं माप दिलं, "तोंड उघडलं की लगेच द्या" म्हणलं, आणि बेडरूममध्ये जाऊन दार लोटून घेतलं.

ताई औषध देताना आकडे मोजते. तिच्या मोजण्यात तीन कधी येत नाही. एक, दोन, अडीच, पावणेतीन. पोरीला पुढचा तीन ऐकायचा असतो म्हणून ती वाट बघत तोंड उघडून बसते आणि तेवढ्यात औषध आत.

"कुठंय माझं पिल्लू?" मी दाराआडून म्हणलं. ताईच्या आवाजात, ताईच्या दमलेल्या, कामावरून आल्यासारख्या आवाजात. "आ कर बघू. एक. दोन. अडीच."

अक्कांनी नंतर मला सांगितलं, त्यांनी आधी दाराकडं बघितलं आणि मग देवाच्या फोटोकडं.

"पावणेतीन."

"गेलं," अक्का म्हणाल्या. "पूर्ण गेलं, मरी."

मी दार उघडून बाहेर आलो. खोटं कशाला सांगू, मी वाकून नमस्कार पण केला, गॅदरिंगला करतात तसा. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली नक्कल होती ती. एक वाक्य, आणि चार दिवसांच्या तापाला पहिलं खरं औषध.

मॅडम अक्कांच्या मांडीवरून घसरल्या आणि माझ्या पायाजवळून बेडरूममध्ये पळाल्या.

दारामागं बघितलं. हसत होती. पलंगाखाली बघितलं. कपाट उघडून ताईच्या साड्या बाजूला सारल्या. बाथरूम. परत दारामागं. "आई लपली," ती मला म्हणाली, मी पण शोधावं म्हणून. दुसऱ्या फेरीला हसू थोडं कमी झालं. तिसऱ्या फेरीला ती नुसतीच बघत गेली. चौथी फेरी तिनं केली नाही. ताईच्या घरात घालायच्या स्लीपर उचलल्या, बाहेरच्या दाराशी जाऊन भिंतीला टेकून बसली आणि स्लीपर मांडीवर घेतल्या.

"चूक झाली, मरी," अक्का म्हणाल्या, हळूच.

पाणी दिलं, नाही. ताक दिलं, नाही. "आई देईल," ती म्हणाली. हट्टानं नाही म्हणत होती, आम्हाला समजावून सांगत होती. आई घरात आहे, तिनं स्वतः ऐकलीय, मग मामाच्या हातनं कशाला प्यायचं? तापाचं सिरप द्यायची वेळ झाली, तेही घेईना. चार वाजता एकशे दोन पॉइंट आठ, तेही ती पेंगत असताना मोजलं. तक्त्यात पाण्याचा रकाना कोरा, शूचा रकाना कोरा. शेऱ्यात मी काही लिहिलं नाही.

पाचला दवाखान्यात फोन केला.

"शेवटची शू कधी?"

"तुमच्याकडं. दहाला."

"म्हणजे सात तास. चमच्या चमच्यानं पाजत राहा. अर्धा तास जास्तीचा देते, साडेसहापर्यंत नाही झाली तर तिचे कपडे घेऊन थेट या. फोन करत बसू नका."

मी पिशवी भरली. दोन फ्रॉक, टॉवेल, तिचा चहाचा खोटा कप. मग ती पिशवी बाजूला ठेवली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो, चपलांच्या स्टँडजवळ.

"आई आत नव्हती," मी म्हणलं. "आत मी होतो."

"आई आत आहे."

"मी आईचा आवाज काढला. बघ." आणि मी तिच्याकडं तोंड करून म्हणलं, ताईच्या आवाजात, "एक. दोन. अडीच."

माझ्यासमोर लोक हसलेत, झोपलेत, एकदा बार्शीत एकानं केळं फेकून मारलंय. हा चेहरा मी बघितला नव्हता. तिनं हात पुढं केला आणि गरम तळवा माझ्या तोंडावर दाबून धरला. आवाज थांबला. हात काढला. मी परत म्हणलं, "पावणेतीन." परत हात दाबला. असं चार-पाच वेळा केलं. एखाद्या खेळण्यातनं आवाज कुठून येतो ते मुलं बघतात, तसं. मग तिला पटलं. तिनं एक स्लीपर उचलून माझ्या खांद्यावर मारली, जोरात नाही, आणि रडायला लागली. मघापासून अडकून राहिलेलं सगळं रडणं.

मी रडू दिलं. मी म्हणलं, "उद्या येणार आई. खरी. उद्या दुपारची झोप झाली की."

"हा आवाज पण आईचा," ती म्हणाली.

"हा मामाचा आहे गं."

"नाही. हा गॅसवाला."

मी जरा खाकरून परत बोललो. तिनं मान हलवली. मी सावकाश बोललो, बार्शीसारखं बोललो, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलतो तसं बोललो. तिला त्यातलं काहीच पटेना. शेवटी मला सांगण्यासारखं काही उरलं नाही म्हणून मी गप्प बसलो. तिनं माझ्याकडं बघितलं. परत तळवा माझ्या तोंडावर ठेवला, या वेळी नुसता ठेवला, आणि दुसऱ्या हातानं अक्कांच्या हातातल्या वाटीकडं बोट केलं.

अक्कांनी खालच्या गाडीवरून शहाळं आणलं होतं. एक चमचा. गिळला. दुसरा. मी मान हलवली तरी ती तळवा घट्ट करायची. तेवीस चमचे मोजले मी, मनातल्या मनात, आणि माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प बसलेला नाही. तेविसाव्या चमच्यानंतर तापाचं सिरप पण गेलं. हात माझ्या तोंडावरच.

सहा वाजून दहा मिनिटांनी ती उठली आणि "शू" म्हणाली. रडली, पण झाली. अक्कांनी बाथरूमच्या दारात उभ्या उभ्या हात जोडले. मी तक्त्यात लिहिलं, "शू. सहा दहा." भरलेली पिशवी रिकामी केली आणि तिचा चहाचा खोटा कप तिला परत दिला.

सातला ताईचा फोन आला. पोरगी झोपली होती. मी तपासणी, इन्फेक्शन, औषध, डॉक्टर काय म्हणाल्या, सगळं सांगितलं. दुपारी पाणी प्यायला त्रास दिला, तेही सांगितलं. दाराचं सांगितलं नाही.

"रात्रीच निघू का मी?"

"ती प्यायलीय, शू झालीय, ताप उतरतोय. उद्या तुझं संपवून ये. परत चढला तर मी तुमच्या गेटवर फोन करून तुला बाहेर काढतो."

ताई म्हणाली, "तुझा आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"साधा."

बुधवारी सकाळी शंभर पॉइंट चार. दुपारी तीनला नव्व्याण्णव. रात्रीचा आणि सकाळचा डोस शहाळ्यासारखाच गेला, तिचा हात माझ्या तोंडावर, माप माझ्या हातात, एक शब्द नाही. इन्फेक्शनच्या औषधाला दीड-दोन दिवस लागतात म्हणाल्या होत्या डॉक्टरबाई, हे त्याच्या आधीच कामाला लागलं होतं. दुपारी सोफ्यावरून तिची पहिली उडी पडली, तेव्हा मी मनात म्हणलं, जमलं आपल्याला.

पाचच्या सुमाराला दार वाजलं. ताई. केसांत माळावरची धूळ, खांद्यावर बॅग, चपला न काढताच आत.

"कुठंय माझं पिल्लू?"

पोरगी हॉलच्या मध्ये उभी होती. ती पळाली नाही. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं. मग चालत आली, मला खाली वाकवलं, माझ्या तोंडावर तळवा ठेवला, घट्ट, आणि आईकडं वळून म्हणाली, "आता बोल."

"काय गं राणी? काय झालं?" ताई म्हणाली.

माझं तोंड बंद होतं आणि आवाज आला. पोरीनं हात काढला आणि अशी धावली की बॅगेसकट ताई खाली बसली.

त्या मिठीतनंच ताईनं माझ्याकडं बघितलं. "हे काय होतं?"

"खेळ," मी म्हणलं.

"मामा आई झाला," पोरगी तिच्या खांद्यात म्हणाली. "दाराच्या मागं."

ताईनं आधी अंघोळ केली, तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, "कलाकार"वर थांबली, पुढं गेली. खाली जाऊन अक्कांशी बोलून आली. मग पोरीला खांद्यावर झोपवून हॉलमध्ये फेऱ्या मारत मला बोलली. पोरगी उठू नये म्हणून हळू आवाजात. हळू आवाजातली बोलणी जास्त लागतात, ओरडणाऱ्या माणसाची निदान नक्कल करता येते.

"दवाखान्यात वेळेत नेलंस. औषधाचे तास पाळलेस. पोरगी घरात आहे. हे सगळं मला दिसतंय, म्हणून बॅग भर म्हणत नाहीये."

"औषध गेलं ना पण पोटात?"

"गेलं. आणि पुढं किती तास पाणी गेलं नाही, तुझ्याच तक्त्यात आहे, बघ. अरे, तापात पोरीला काय कळतं? डोळे धड उघडत नाहीत. आवाज तेवढा कळतो. मी तिकडं माळावर, फोन जमा, माझं म्हणून तिच्याजवळ तेवढं एकच होतं. ते तू एका चमच्यासाठी वापरलंस. आज मी दारात उभी आणि माझी पोर माझा आवाज तपासून घेते."

मी तिची बॅग उचलून कडेला ठेवली.

"वडिलांच्या वेळी मीच तुला बसवलं होतं, कबूल. दाजींच्या वेळी मी ओरडले, पण नंतर हसले पण. माझीच चूक."

"मग अर्धी बोलणी तू खा," मी म्हणलं.

"गप." तिनं पोरीच्या पाठीवर थोपटलं, एक फेरी मारली, परत आली. "अजून सहा दिवस औषध आहे. सकाळ-संध्याकाळ तूच द्यायचंस, तिच्यासमोर बसून. ती हात ठेवेल तोवर ठेवू दे. काढेल तेव्हा बोलायचं. मेट्रो नाही, गॅसवाला नाही, डॉक्टर नाही. तुझ्या आवाजात. तुझा म्हणून एक असेल ना रे? का तोही कुणाचातरी उचललायस?"